पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची डबी

भालेराव रावसाहेब घरात कोणतीही नवी वस्तू आणली की आधी ती वरून खाली टाकून बघायचे.

हे मला कळलं ते घोडेगावात खोली घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी अंगणात दाढी करायला बसलो होतो. आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला, गालभर फेस, आणि माझ्यापासून चार हातांवर धाडकन एक कुकर येऊन पडला. मी स्टुलावरून उडालो. गालाला वस्तरा लागला. वर बघितलं तर माडीच्या गॅलरीतून एक गोल, गंभीर चेहरा वाकून बघत होता.

"घाबरू नका. अंतर मोजून टाकलाय," तो चेहरा म्हणाला. "जरा झाकण बसतंय का बघा बरं."

मी एका हातानं गाल दाबून दुसऱ्या हातानं झाकण बसवून बघितलं. का बघितलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं की माणूस आधी सांगितलेलं काम करायचा आणि मग हबकायचा.

"बसतंय," मी म्हणालो.

"मंग चांगला हाय." ते जिना उतरून खाली आले, कुकर पुसून काखेत मारला आणि दुसरा हात पुढं केला. "मी भालेराव. बांधकामाला असतो. राग धरू नका, भाऊसाहेब, पण तुटल्याशिवाय ताकद कळत नाय."

मी पंचायत समितीत आस्थापनेवर कारकून म्हणून नुकताच रुजू झालो होतो, म्हणून मी भाऊसाहेब. ते कनिष्ठ अभियंता, म्हणून रावसाहेब. आडनावातही राव आणि हुद्द्यातही राव, त्यामुळं पहिले काही दिवस मला त्यांना हाक मारताना अडखळायला व्हायचं.

बांधकामाच्या धंद्यात काँक्रीटचे ठोकळे पाडतात, ते यंत्राखाली घालून फोडतात आणि किती भाराला फुटले त्यावरून काम पक्कं की कच्चं ते ठरवतात. बाकीचे अभियंते हा नियम कामावरच ठेवून घरी जात. रावसाहेबांनी तो घरी नेला होता. नवी चप्पल आणली की पहिले दोन दिवस ती बादलीत बुडलेली. नवी छत्री आणली की वादळाची वाट बघायची, आणि वादळात मुद्दाम बाहेर पडायचं. माझ्याकडं पहिल्यांदा चहाला आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी माझी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि फरशीवर आपटली. पाय मोडला. मी आणि माझी बायको सुनंदा बघतच राहिलो. तिच्या हातातल्या ट्रेमधले कप नुसते किणकिणत होते.

"बरं झालं," रावसाहेब म्हणाले. "वहिनी बसल्या असत्या तर?" आणि सतरंजीवर मांडी घालून शांतपणे चहा प्यायले. संध्याकाळी लोखंडी पट्टी आणि स्क्रू घेऊन आले आणि पाय स्वतः बसवून दिला.

ठेकेदार त्यांना चळाचळा कापत. एकदा एका अंगणवाडीच्या नव्या स्लॅबखालचे टेकू काढायचे होते. रावसाहेबांनी स्लॅबखाली बरोबर मधोमध दोन खुर्च्या मांडल्या आणि एकीवर स्वतः बसले. "या शेठ," ठेकेदाराला म्हणाले, "गड्यांना टेकू काढू द्या. तवर आपण चहा घिऊ." शेठ आले. पण त्यांच्या हातात बशी ठरेना, सगळा चहा पँटीवर. टेकू निघाले, स्लॅब जागचा हलला नाही. रावसाहेबांनी वर बघून मान डोलावली. "माल पुरता टाकलाय शेठनी." मी एका कागदावर सही घ्यायला तिथं गेलो होतो. दारात उभं राहून मी हे सगळं बघितलं, आणि नंतरचे कितीतरी दिवस जेवताना माझी नजर सारखी छताकडं जायची.

हे त्यांच्यात कुठून आलं असावं ते एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील घोडेगावपासून वर डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर खडी फोडायला होते. दगडावर हातोडीनं टिचकी मारून आवाजावरून सांगायचे की हा कसा फुटेल. "शाळा नव्हती शिकलेला आमचा बाप," रावसाहेब म्हणाले, "पण दगड त्याच्याशी खोटं बोलत नव्हता."

त्यांच्या पत्नी निर्मलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, आणि कधीही न दचकणाऱ्या. मूलबाळ नव्हतं, माडीवर दोघंच. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून आमच्याकडं खिरीचं पातेलं यायचं आणि त्या पातेल्याला चहूबाजूंनी पोचे असायचे. सुनंदानं त्यांना एकदा भीत भीत विचारलं, "ताई, तुम्हाला बघायला आले तेव्हा काही आपटलं नाही ना?"

"पाट आपटला," बाई म्हणाल्या. "मी बसायच्या आधी."

दोन हजार सालच्या आसपास बाईंची बदली झाली ती थेट डोंगरात. तळेघरच्या अलीकडं, रस्त्यापासून थोड्या चढावर एक वाडी, तिथली शाळा. शाळा साडेदहाची आणि सकाळची एसटी तिथं पोचायची अकराला. मग उरली जीप. ती जीप ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. आत पंधरा माणसं, टपावर तांदळाची पोती आणि पोत्यांवर माणसं, ड्रायव्हरचं अर्धं अंग दाराबाहेर. मी एकदा स्टँडवर उभा होतो आणि समोरून ही जीप गेली. मागच्या पायरीवर एक पाय ठेवून, पर्सचा पट्टा दातात धरून निर्मलाबाई लटकल्या होत्या. मला बघून त्यांनी नमस्कारासाठी मान हलवली. मी तिथंच थिजलो. एवढी शांत बाई, आणि एवढ्या शांतपणे लटकलेली!

सहा महिने त्या अशा गेल्या. मग एका रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र परत द्यायला माडीवर गेलो होतो, तेव्हा बाईंनी चहा ओतता ओतता सांगून टाकलं.

"मी गाडी घेतेय. पुण्याचा भाऊ त्याची छोटी गाडी काढतोय, ती मला देतोय."

"चालवणार कोण?" रावसाहेब हसत म्हणाले.

"मी."

"आन तुला शिकवणार कोण?"

"शिकले. मे महिन्यात, मंचरला."

"मे महिन्यात तू शिवणाच्या क्लासला जात व्हतीस!"

"शिवण मला आधीपासून येतं," बाई म्हणाल्या.

रावसाहेबांच्या हातातली बशी तिरकी झाली आणि चहा मांडीवर सांडला, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मीच मंचरला क्लास काढला होता. मग हळूच विचारलं, "कंची म्हणालीस गाडी?" बाईंनी सांगितलं. तेव्हा रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसायची ती, सगळ्यात लहान.

"ती गाडी नाय," रावसाहेब म्हणाले. "ती डबी हाय. तंबाखूची."

पुढच्या आठवड्यात घोडेगावातली एकही छोटी गाडी त्यांच्या तावडीतून सुटली नाही. ते टेप घेऊन हिंडत होते. दवाखान्यापुढं डॉक्टरांची गाडी उभी होती. रावसाहेबांनी तिच्या दारावर अंगठा दाबला, पत्रा 'टडक्' करून आत गेला आणि 'टडक्' करून बाहेर आला. त्यांनी पुन्हा दाबला. चौथ्या आवाजाला डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून बाहेर आले. "रावसाहेब, काय करताय?" "तपासतोय," रावसाहेब म्हणाले, "तुमचं चालू द्या." आणि त्याच डॉक्टरांना ड्रायव्हरच्या जागेवर बसायला लावून त्यांच्या गुडघ्यापासून पुढच्या बंपरपर्यंतचं अंतर मोजलं. डॉक्टर बसलेही. मी आधीच सांगितलं, त्यांच्या आवाजात तसं काही होतंच.

संध्याकाळी अंगणात त्यांनी मला गाठलं. "अडीच हात, भाऊसाहेब. समोरनं मरण आलं तर त्याला थांबायला फक्त अडीच हात जागा. आन मधी काय? पापड!"

गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी वरून उत्तर दिलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द खाली आला.

"रस्ता केवढा आहे तुम्हाला माहीत आहे. समोरून एसटी आली की मोठी गाडी मागं न्यावी लागते. ही कडेला सरकते. शाळेपुढच्या खळ्यात वळते. चिखलात रुतली तर वाडीतले चार जण उचलून बाहेर ठेवतील."

"तेच तर म्हणतोय मी!" रावसाहेब ओरडले. "जी चार माणसं उचलत्यात, ती ट्रकपुढं काय टिकंल?"

"आणि मी जीपला लटकते, तेव्हा माझ्याभोवती कुठला पत्रा असतो?"

टेपची पट्टी रावसाहेबांच्या हातातून सुटून सर्रकन आत गेली. ते वर बघत राहिले, मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तोडून बघावी लागंल."

मला वाटलं, बोलायची पद्धत.

तीन दिवसांनी कळंबच्या एका भंगारवाल्याकडून, ट्रॅक्टरला साखळदंडानं बांधून, तसल्याच छोट्या गाडीचा सांगाडा घोडेगावात आला. इंजिन काढलेलं, रंग उडालेला, चाकं मात्र शाबूत. भंगारवाला ट्रॅक्टरबरोबर आला होता आणि हवालदिल झाला होता. "साहेब, दार पायजे तर दार देतो, आरसा देतो. आख्खी गाडी लोकं फोडून इकायला नेत्यात. ह्ये तर म्हनत्यात फोडून बघायला नेतोय!"

गावाबाहेर मुरमाची एक जुनी खाण होती. एका अंगाला लांब उतार, आणि उताराच्या तळाशी हत्तीएवढा काळा दगड. रावसाहेबांनी ती जागा निवडली. इंजिनाचा भार भरून काढायला पुढं दगड भरले. जुनी काच बसवून घेतली, पट्टे बसवून घेतले, चाकं सरळ राहावीत म्हणून स्टिअरिंग दोरीनं आवळलं. मग माणसं बसवली. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून धडं केली आणि प्रत्येक धडावर एक डांगर, म्हणजे तांबडा भोपळा, डोकं म्हणून बांधला. ड्रायव्हरला पट्टा लावला. शेजारच्याला लावला नाही. मागं एक भोपळा एकटाच, बिनपट्ट्याचा.

ही बातमी बाजाराच्या दिवशी फुटली, त्यामुळं अर्धं गाव खाणीवर जमलं. लोक भेळ खात होते. मी रावसाहेबांना एका बाजूला घेतलं. "अहो, लोक हसतायत. कचेरीत मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तर?"

"हसू द्या. भाऊसाहेब, मला रात्रीचा डोळा लागत नाय. नुसतं इचार करून जाणार नाय ती भीती. मला बघाया पायजे."

तेवढ्यात सुनंदा निर्मलाबाईंना घेऊन आली. बाई गर्दीतून पुढं आल्या, आणि मी त्यांच्या नजरेमागं गाडीच्या आत बघितलं. सिमेंटची पिशवी गुळगुळीत असते, तिच्यावरून पट्टा सरकतो. म्हणून रावसाहेबांनी ड्रायव्हरच्या धडाला घरातलं एक जुनेर गुंडाळलं होतं. पोपटी रंगाची सुती साडी. बाईंची. ती साडी नेसून त्या शाळेत जायच्या हे सगळ्या गावाला माहीत होतं. समोर, स्टिअरिंगमागं, भोपळ्याच्या डोक्याच्या निर्मलाबाई बसल्या होत्या.

आमच्या बाजूचं हसणं थांबलं. लांबच्यांना काही कळलं नव्हतं, ते शिट्ट्या मारत होते. रावसाहेबांनी बाईंना बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस थांबेल. पण त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला, ट्रॅक्टरवाल्यानं साखळी सोडली.

गाडी आधी सावकाश निघाली. मग उताराला लागली, आणि तिच्या मागं धुरळा उठला, आणि तो आवाज आला. मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो. ताट पायाखाली चेमटावं तसा, एकदाच. ड्रायव्हरशेजारचा बिनपट्ट्याचा भोपळा काच फोडून बाहेर आला, दगडावर आपटला आणि गर्दीच्या पायाशी शकलं होऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धुरळा बसला तेव्हा टाळ्या आपोआप थांबल्या. पट्ट्यानं ड्रायव्हरला धरून ठेवलं होतं, पण पुढचं सगळं मागं सरकलं होतं. स्टिअरिंग भोपळ्यात घुसलं होतं. पोपटी साडीवर तांबडा गर आणि बिया. एक म्हातारी "आगं माय" म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

रावसाहेब मुरमावर मटकन खाली बसले. त्यांच्या एका हातात गणिताचा कागद होता. त्यांना जवळ जाववेना. मी दोन पावलं गेलो आणि मलाही जाववेना. गेल्या त्या निर्मलाबाई. चप्पल सांभाळत उतार उतरल्या, खिडकीतून आत वाकून स्वतःकडं नीट बघितलं, मागच्या बाजूला गेल्या, आणि तिथून वर विचारलं, "वेग किती होता?"

रावसाहेबांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. मग म्हणाले, "चाळीस असंल."

"मी वीसनं जाईन."

असं म्हणून त्यांनी मागच्या सीटखाली घसरलेला भोपळा बाहेर काढला. त्याला साधा ओरखडाही नव्हता. तो त्यांनी कमरेवर घेतला आणि वर आल्या. "हा चांगला राहिलाय. संध्याकाळी भाजी करते. सुनंदाताई, तुमच्याकडंही देते." आणि घरी गेल्या.

ती भाजी आमच्याकडं आली. सुनंदानं ती खाल्ली. मला घास उतरला नाही.

गाडी पंधरा दिवसांनी आली. मागच्या सीटवरचा भोपळा वाचला, यावरून रावसाहेबांनी मला फार गांभीर्यानं विचारलं होतं की स्टिअरिंग मागच्या सीटजवळ नेता येईल का. मंचरच्या दोन मिस्त्रींनी त्यांना नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं नमस्कार केला. मग त्यांनी पुढं आणि मागं लोखंडी पाइपचे कठडे ठोकून घेतले. दारांच्या आतून गाद्या शिवून घेतल्या. त्या बाईंनीच शिवल्या. आणि शेवटी, लांबून दिसावी म्हणून, गाडीला रंग दिला. रस्त्यावरच्या मोऱ्यांच्या कठड्यांना देतात तो. पिवळे-काळे तिरके पट्टे, बोनेटपासून डिकीपर्यंत.

पहिल्या दिवशी ती गाडी अंगणातून बाहेर पडली तेव्हा गल्लीत कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. आत बाई, डोक्याला स्कूटरचं हेल्मेट. रावसाहेब गाडीपुढं चालत कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यावर बाईंनी काच खाली करून त्यांना हात केला, वळल्या, आणि दिसेनाशा झाल्यावर हेल्मेट काढून शेजारच्या सीटवर ठेवलं. हे मला पुढच्या वळणावरच्या पानवाल्यानं सांगितलं. रावसाहेबांना कोणी सांगितलं नाही.

बाई खरंच वीसनं जायच्या. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यांनी हॉर्नऐवजी हाळ्या दिल्याच्या गोष्टी गावात फिरत होत्या. पण बाईंनी केलेला हिशेब बरोबर निघाला. समोरून एसटी आली की डबी कडेला सरकायची. खळ्यात वळायची. त्या गाडीतून डोंगरातली माणसं दवाखान्यात यायची, कोंबड्या बाजारात यायच्या, एकदा तर नवरीमुलगी आली. भातलावणीच्या दिवसांत ती एकदा खरंच रुतली आणि चौघांनी नाही, तिघांनी उचलून रस्त्यावर ठेवली. रावसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

वर्ष उलटलं. त्यांची बडबड कमी झाली असं मला वाटायला लागलं. परवाच नवा माठ आणला तो त्यांनी तसाच, न आपटता, आत नेला. मी सुनंदाला म्हणालो, निवळला माणूस.

फेब्रुवारी संपत आला होता, उन्हं तापायला लागली होती. बाईंच्या शाळेतली काही सेवापुस्तकं तपासून सह्या आणायच्या होत्या, म्हणून मी सकाळच्या एसटीत बसलो. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर रावसाहेब बसले होते. मला बघून त्यांनी चटकन खिडकीबाहेर तोंड केलं.

"रावसाहेब, इकडं कुठं?"

"साइट हाय."

त्यांची कामं पेठच्या बाजूला होती, बरोबर उलट दिशेला. मी आस्थापनेवरचा माणूस, मला हे ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. तिकीट फाडताना कंडक्टरच बोलला. "साहेबांचं काय, आठवड्यातनं एकदा तरी फेरी अस्तीच. पावसाळ्यात दोन-दोनदा." आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर माझ्या टेबलावर त्यांचे अर्ध्या दिवसाच्या रजेचे अर्ज येत होते. कारण: घरगुती काम. त्यांच्या रजा कधी नव्हे त्या संपत आल्या होत्या. मी एकेक अर्ज स्वतःच्या हातानं पुढं पाठवला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं, की घरात दोनच माणसं, त्यातलं एक डोंगरात, मग घरगुती काम ते कसलं?

वाडीच्या फाट्यावर आम्ही दोघं उतरलो. एसटी पुढं गेली. रस्त्याच्या कडेला हिरड्याचं एक मोठं झाड होतं. रावसाहेब त्या झाडाखाली गेले, खोडाला हात टेकवला, आणि टाचा उंचावून वर बघितलं. चढावर शाळेची कौलं दिसत होती. कौलांच्या अलीकडं, उन्हात, पिवळं-काळं काहीतरी चमकत होतं.

"पोचली," ते म्हणाले. छातीतला सगळा श्वास त्यांनी तेव्हा सोडला.

एवढा मोठा माणूस, ज्याच्यापुढं ठेकेदार कापतात, तो रस्त्याच्या कडेला चोरासारखा उभा होता.

"अहो, मग बाईंबरोबर गाडीतूनच का येत नाही?"

"दोनदा बसलो. मी बसलो की मला घाम फुटतो, आन तिचं ध्यान रस्त्यावरनं माझ्याकडं जातं." ते वरच बघत होते. "आन रोज इचारलं तर तिला वाटंल, ह्याचा माझ्यावर भरवसा नाय. तसं नाय, भाऊसाहेब. ती लई चांगली चालवती. मलाच कचेरीत बसवत नाय. टेबलावर नकाशा असतो आन मला त्यो भोपळा दिसतो. मंग येतो. बघतो. एसटी परत येती तवर हितं बसतो, आन जातो. दुपारी काम करतो मी, खोटं सांगत नाय."

"बाईंना माहीत आहे?"

"कशापायी?" ते एकदम घाबरले. "तुमी बोलू नका हां. तुमाला शपथ हाय."

मी शपथ घेतली आणि चढ चढून शाळेत गेलो. एकच खोली, चार इयत्ता, पोरं पाढे म्हणत होती. बाईंनी मला खुर्ची दिली, सेवापुस्तकं काढून दिली, सह्या केल्या. काम संपल्यावर मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "बाई, गाडी उन्हात का लावलीय? मागं एवढी आंब्याची गार सावली आहे. संध्याकाळी आत बसवत नसेल."

"नाही बसवत," बाई म्हणाल्या. "सीट तव्यासारखी होते. ओला टॉवेल टाकून बसते मी." त्यांनी सेवापुस्तकं एकावर एक नीट रचली. "पण सावलीत लावली तर खालून दिसत नाही."

मी दारातून खाली फाट्याकडं बघितलं.

"पहिल्या आठवड्यापासून येतात," त्या हळूच म्हणाल्या. "हिरड्याखाली आहेत ना आज? तुम्ही काही बोलू नका, भाऊसाहेब. त्यांना वाटतं मला माहीत नाही. कळलं तर लाजतील, आणि यायचे बंद होतील. मग दिवसभर तिकडं जीव टांगून बसतील."

खाली वळणावर परत येणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजला. बाई दाराशी गेल्या आणि चौकटीच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा उभ्या राहिल्या. पोरांचे पाढे चालूच होते. गाडी थांबल्याचा आवाज आला, मग दार आपटल्याचा, मग निघाल्याचा.

"बसले," बाई म्हणाल्या, आणि खडू घेऊन फळ्याकडं वळल्या.